मुंगीचा नाश्ता

१७ मार्च, रविवार दुपार

चि. खारुताईस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. गुडघा आता बरा आहे आणि कठडा धरून का होईना तू जिना चढतेस हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळे खुशाल आहेत. थंडी सरत आली आहे, पण माझा स्वेटर अजून अंगावरून उतरत नाही. तुझ्या पियानोच्या मुली परीक्षेत छान वाजवोत.

आज सकाळी टेबल पुसताना एकदम शाळेतलं भोजनघर आठवलं. ती लांब बाकं, मेणाचा वास येणारी फरशी आणि घंटा वाजेपर्यंत कुणी बोलायचं नाही हा नियम. तू माझ्या शेजारी बसायचीस. तुझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. समोर ओटची लापशी, वर जाड साय धरलेली. सिस्टर दोन रांगांमधून यायच्या आणि रिकामे वाडगे बघत पुढे जायच्या. तुझा वाडगा नेहमी रिकामा असायचा, पण तू गिळायचीस कुठे? दोन्ही गाल भरून प्रार्थनेला उभी राहायचीस आणि वर्गात जाताना नळापाशी सगळं सोडून द्यायचीस. अख्ख्या शाळेत प्रार्थनेला ओठ न हलवणारी तू एकटी! मोठ्या मुलींनी तुला खारुताई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. धाकटी असून तुला ताई म्हणावं लागतं, हे मला तेव्हाही खुपायचं आणि आजही मायना लिहिताना जरा खुपतंच.

पत्रात तू दोनदा विचारलं आहेस, की मी कधी येते. खोली रंगवून झाली, पडदे लागले, हेही लिहिलं आहेस. त्याचं सांगते, पण आधी मुंगीचं सांगू दे. फोनवर तुला मी नेहमी अर्धंमुर्धंच सांगितलं. लेक आसपास असायची, आणि तिच्या घरातलं तिच्यासमोर कसं बोलणार?

मुंगी म्हणजे आमची नात, हे तुला माहीत आहेच. हे नाव ठेवलं जावईबापूंनी. दात काढणाऱ्या बाईच्या, साखरेचा कण नसलेल्या घरात त्यांनी लेकीला मुंगी म्हणावं, यातच त्यांचा स्वभाव आला. आपल्या डॉक्टरीणबाईंना अर्थातच हे नाव आवडत नाही. पण त्या रागावल्या, की जावई म्हणतात, "बरं, मग मधमाशी म्हणू?"

मी इथे आले तेव्हा पंधरा दिवसांसाठी आले होते. नवी कवळी बसवून घ्यायची आणि परत फिरायचं. पहिल्याच सकाळी माझ्या ध्यानात आलं, की या घरात नाश्ता हा खाण्याचा कार्यक्रम नाही, तो तपासणीचा कार्यक्रम आहे.

जावई हॉटेलात सकाळच्या नाश्त्याचे स्वयंपाकी. ते पहाटेच निघून जातात. जगातल्या अनोळखी माणसांना गरम गरम अंडी करून घालतात आणि घरी येतात तेव्हा मुंगी शाळेत असते. घरी सकाळी राहतात मायलेकी. मुंगीपुढे वाडग्यात बिनसाखरेची लापशी, उकडलेलं अंडं आणि सफरचंदाच्या फोडी. लेक उभी. एका हातात कॉफी, खांद्यावर पर्स, डोळे घड्याळावर. मुंगी एक घास तोंडात घ्यायची आणि गालात ठेवायची. हो गं, अगदी तुझ्यासारखी! पण तुझ्या नशिबी सिस्टर होत्या, तिच्या नशिबी दातांची डॉक्टर. लेक खिशातून ती छोटी बॅटरी काढायची, दवाखान्यात वापरते ती, आणि म्हणायची, "आ कर." डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली. घास सापडला, की "गीळ." गिळला, की पुढचा.

सुरुवातीला मला हसू आलं. मग एके दिवशी मुंगीने तोंड उघडणंच बंद केलं. लापशीला नाही, अंड्याला नाही, बॅटरीला तर नाहीच. दूध कसंबसं दोन घोट. शाळेतल्या बाईंचा निरोप आला, की गाण्याच्या वेळी मुंगी चटईवर आडवी होते, खेळायला उठत नाही. मुलांच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि मागचा आकडा काढून ताडून बघितला. नंतर म्हणाले, "पुढच्या वेळीही वजन असंच खाली आलं, तर तिला दाखल करून घ्यावं लागेल. नळीने अन्न द्यायची वेळ येऊ नये एवढं बघू."

परत येताना गाडीत लेक माझ्या शेजारी होती. मी तिचा हात हातात घेतला तर बर्फासारखा गार.

तिचं मन मला कळतं गं. तिच्याकडे चिमुरडी पोरं येतात, समोरचे सगळे दात काळे पडलेले. ती त्यांना भूल देऊन दात काढते, आणि बाहेर बसलेल्या आया रडत रडत म्हणतात, "पण तो खाल्ल्याशिवाय राहू नये म्हणून बिस्किटं द्यायचो हो." हे रोज बघणाऱ्या बाईच्या हातून स्वतःच्या पोरीला साखर जाणार कशी? पण जावयांचंही मला कळतं. त्या दिवशी दुपारी दोघांचं स्वयंपाकघरात जुंपलं. मी भाजी निवडायचं सोंग घेऊन बसले होते.

"माझ्याकडे रोज सकाळी माणसं येतात," जावई म्हणाले, "कुणी टोस्टची कड काढून ठेवतं, कुणी अंड्याचा बलक सोडतं. मी कुणाला तोंड उघडून दाखव म्हणत नाही."

"तुझी माणसं खातात आणि निघून जातात," लेक म्हणाली. "त्यांचे दात नंतर कोण बघतं? मी!"

"मुंगीला भूक लागली की ती खाईल."

"हे तू म्हणतोस. तू सकाळी असतोस कुठे?"

भाजी निवडून संपली होती, तरी मी देठंच पुन्हा पुन्हा निवडत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी माझे उपाय सुरू केले. चमच्याची होडी केली, बाहुलीला भरवलं, गोष्ट अर्ध्यावर थांबवली. मुंगी गोष्ट ऐकायची, तोंड मिटून. शेवटी मी माझ्या पैशांची साखर आणली, स्वेटरच्या खिशात पुडी ठेवली आणि लेकीची पाठ वळली की लापशीत चिमूटभर घालू लागले. मुंगी दोन चमचे खायला लागली. मला केवढा आनंद झाला! तिसऱ्या की चौथ्या दिवशी लेकीने वाडग्यात बोट बुडवून जिभेला लावलं. बस.

"आई, माझ्या घरात, माझ्या पाठीमागे?"

मी म्हणाले, "अगं, पोर खातेय तर."

"हेच म्हणतात त्या सगळ्या आया. अगदी हेच वाक्य."

त्या दिवशी मी बॅग काढली होती. तुला फोनही केला होता, आठवतं? "येतेच मी आता," म्हणाले होते. तू लगेच रंगारी बोलावलास. म्हणून हे सगळं तुला नीट सांगायला हवं.

बॅग भरायची राहिली ती माझ्या कवळीमुळे. खालची कवळी एका बाजूला बोचत होती, म्हणून लेक म्हणाली, की दोन दिवस थांब, घासून देते. तेव्हा रागातही ती डॉक्टर होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी मी पावाचा तुकडा चघळत बसले होते. मुंगी समोर, वाडगा तसाच. लेक माझ्या मागून आली, माझी हनुवटी वर केली, बॅटरी लावली आणि म्हणाली, "आई, आ कर. कुठे बोचतंय बघू."

तोंडात घास होता. पावाचा लगदा, कवळी, आणि वरून तो उजेड. का कोण जाणे, मी तोंड गच्च मिटलं. मुद्दाम नाही. मिटलं गेलंच.

"आई, आ कर ना. मला उशीर होतोय."

मी मान हलवली.

मुंगी खुर्चीवर गुडघे टेकून पुढे आली. "आज्जी, तुला पण नाही आ करायचं?"

मी घास गिळला आणि म्हणाले, "नाही."

"का?"

"खाताना माझ्या तोंडात कुणी बघितलेलं मला आवडत नाही. माझं तोंड आहे."

तिने जरा विचार केला. "माझं पण माझं आहे," ती म्हणाली.

लेक बॅटरी धरून तशीच उभी. विझवायचंही सुचलं नाही तिला. उजेडाचा गोल तिकडे भिंतीवर पडला होता. मुंगीने हात पुढे केला, "मला दे." आणि लेकीने दिली! मग मुंगी टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली आणि अगदी हळू, दुखू नये म्हणून फुंकर घालतात तशा आवाजात म्हणाली, "आज्जी, तुला चालेल का?" मी तोंड उघडलं. तिने नीट बघितलं. "इथे पाव आहे. इथे पण पाव आहे. छान. आता आईची पाळी."

"मला उशीर होतोय गं राणी."

"आ."

लेक वाकली. पर्स खांद्यावरून घसरून कोपरात आली. मुंगीने डावा गाल बघितला, उजवा गाल बघितला, जिभेखाली बघितलं. मग बॅटरी खाली घेतली आणि म्हणाली, "आई, तुझ्या तोंडात काहीच नाही."

"मी कॉफी प्यायले."

"कॉफी चावत नाहीत," मुंगी म्हणाली. मग तिने पाठीमागे हात बांधले आणि थेट दवाखान्यातला आवाज काढला, "किती दिवसांपासून खात नाही ही?"

मला हसू फुटलं. लेकीलाही फुटलं, पण तिचं हसू अर्ध्यावर वेगळ्याच वाटेला लागलं. ती खुर्ची ओढून बसली. कोट अंगातच होता. मी आल्यापासून त्या टेबलाशी तिला बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, खारुताई. माझी लेक सकाळी खात नाही हे मला, तिच्या आईला, दिसलं नव्हतं. आम्ही दोघी मुंगीच्या गालात बघत होतो ना.

तिने मुंगीचा वाडगा पुढ्यात ओढला आणि एक चमचा तोंडात घातला. तिचा चेहरा तू बघायला हवा होतास.

"आई, हे असं लागतं?"

"असंच लागतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. पुडी भरून बोलले."

त्यावर ती जी हसली! मुंगीला कशाचं हसायचं ते कळलं नाही, पण तीही हसत सुटली. दवाखान्यात पहिला पेशंट ताटकळला असणार. ताटकळू दे.

मग जावयांना चार दिवस सुट्टी होती, तेव्हा त्यांनी हॉटेलची पद्धत घरी आणली. वाडगे, बश्या टेबलाच्या मधोमध, ज्याने त्याने आपलं घ्यायचं, कुणी कुणाला वाढायचं नाही. साखर नाही. तेवढं लेकीचं चाललंच पाहिजे, आणि ते बरोबरही आहे. पण लापशीत पिकलेलं केळं कुस्करलेलं, पावाला लोणी. आणि एक नियम मुंगीचा, की सगळ्यांनी बसायचं. पहिल्या दिवशी तिने फक्त पावाची कड खाल्ली. दुसऱ्या दिवशी अंड्यातला बलक खाल्ला आणि पांढरा भाग बशीत ठेवला. लेकीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग बोलण्याऐवजी तो पांढरा भाग उचलून स्वतःच खाल्ला. तिसऱ्या दिवशी मुंगीने काहीच घेतलं नाही. आम्ही तिघं हवापाण्याच्या गप्पा मारत खात राहिलो. जावई तर टोस्टवर टोस्ट खात सुटले होते, जणू तिच्या वाटचंही तेच पोचवणार. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मला केळं नको, केळं घातलेलं हवंय." घेतलं, खाल्लं, गिळलं. कुणी बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी बघितलं, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून.

गेल्या आठवड्यात पुन्हा काट्यावर उभी राहिली. वजन वाढलंय. फार नाही, डॉक्टर म्हणाले, पण काटा योग्य दिशेला आहे. 'दाखल' हा शब्द त्यांनी काढला नाही. येताना गाडीत लेकीने स्वतःहून माझा हात धरला. शाळेतल्या बाई म्हणतात, आता गाण्याच्या वेळी मुंगीला खाली बसवावं लागतं.

एवढं लिहून उठले होते. चहा केला, प्यायले, परत बसले. आता तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं.

मधे मला ताप आला होता ते मी तुला कळवलं नव्हतं. तसं काही मोठं नव्हतं, पण मी अंथरुणात होते. मुंगीची वेणी, दप्तर, तिला शाळेत सोडणं हे सगळं लेकीवर आलं, आणि ती पुन्हा उभी राहिली. बॅटरी काढली नाही गं, पण उभी. मुंगीने तिच्याकडे बघितलं आणि वाडगा सरकवला. माझ्या खोलीच्या दारातून मला दिसत होतं. सकाळचा तो अर्धा तास कुणीतरी लेकीच्या हाती ठेवायला हवा, म्हणजे ती बसू शकेल. तेवढंच माझं काम आहे, वेणी घालायची आणि शाळेपर्यंत चालत जायचं.

लेकीने मला राहा म्हटलेलं नाही. उलट परवा म्हणाली, "आई, मावशीने खोली रंगवून घेतली ना? तू ठरल्याप्रमाणे जा. आमचं आम्ही बघू." आणि लगेच बेसिनकडे वळून धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागली.

आता खारुताई, नीट वाच. त्यांना माझी गरज आहे म्हणून मी राहते, असं लिहिलं तर तू मला लगेच माफ करशील. तुझा स्वभावच तसा आहे. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं असं, की मला इथे राहायचं आहे. सकाळी जाग आली, की मला वाटतं, आज मुंगी काय घेईल? हे गेल्यापासून सकाळबद्दल मला असं काही वाटलेलं नव्हतं. आपण दोघींनी म्हातारपणी एका छताखाली राहायचं ठरवलं, तेव्हा मी मनापासून हो म्हणाले होते. तू पियानो वाजवायचा आणि मी खिडकीत बसून लोकर विणायची. ते चित्र अजूनही मला गोड वाटतं. पण मी त्या चित्रात आता येत नाही. तू पडदेसुद्धा लावलेस, आणि मी तुला हे पत्रातून सांगते आहे, कारण फोनवर तुझं गप्प होणं मला ऐकवणार नाही.

तू रागाव. हवं तेवढं रागाव. मग शाळेच्या सुट्टीत इकडे ये. मुंगीने विचारून ठेवलंय, गाल भरून ठेवणारी मावशीआज्जी खरीच आहे का. मी म्हणाले, खरी आहे, आणि ती मोठी झाली, पियानो शिकवते, आणि आता सगळं गिळते.

मी आधीच पाठवलेलं माझं सामान तुझ्याकडे आलेलं आहे, त्याचं सांगते.

खोली औषधाच्या दुकानातल्या मुलीला दे. दोन वेळा विचारून गेली असं तूच लिहिलं होतंस. भली आहे, आणि जिना चढताना तुला हात देईल. जाड रजई तिलाच दे, ती खोली गार असते. शिवणयंत्र खालच्या शिंपीणबाईंना. त्यांचं यंत्र टाका सोडतं. मोठ्या अक्षरांची पुस्तकं समोरच्या निवृत्त मास्तरांना, ते भिंग लावून वाचतात. बाकीची शाळेला, पण सिस्टरांना सांग, की पहिल्या पानावर माझं नाव आहे ते खोडू नका. काचेचे कप तू ठेव, सगळे. एखादा फुटला तर मला कळवू नकोस.

ट्रंकेत सगळ्यात खाली यांचा ओव्हरकोट आहे. तो माझ्याच्याने कुणाला दिला गेला नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवला होता. तुमच्या इमारतीच्या पहारेकऱ्यांना दे. बाह्या थोड्या लांब होतील, त्या शिंपीणबाई कमी करतील. त्यांना यांचं नाव सांगायची गरज नाही. ऊब आहे एवढं पुरे.

आणि तू माझ्यासाठी दाराची दुसरी किल्ली करून घेतली होतीस, ती मात्र कुणाला देऊ नकोस. त्या औषधाच्या दुकानातल्या मुलीलाही वेगळी करून दे. माझी मला पाठव.

तुझीच,
जिला तू कधीच ताई म्हणाली नाहीस ती,
मोठी